बनवाबनवीचं पारायण

'अशी ही बनवाबनवी' हा सिनेमा आला १९८८ साली. तेव्हापासून मराठी घरांत तो कुणी नुसता पाहत नाही, त्याचं पारायण होतं. नियम कडक. अशोक सराफांनी तोंड उघडण्याआधी वाक्य आपण म्हणायचं. सत्तर रुपयांचा विषय निघाला की हसायचं. निघण्याआधी हसलात तरी पुण्य तेवढंच. आणि 'मी अजून बघितला नाही' म्हणणारा मित्र सापडलाच, तर त्याला पकडून बसवायचं आणि पडदा सोडून त्याच्या तोंडाकडे टक लावायची. हसला नाही तर मैत्रीचा फेरविचार.

मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या 'बीवी और मकान'ची, पण हे भर पारायणात सांगू नये, चहा मिळत नाही.

गोष्ट काय? पुण्यात सड्याफटिंग पोरांना कुणी खोली देत नाही, म्हणून दोघं साडी नेसून बायका होतात. आमच्या सोसायटीत गणपतीत दरवर्षी हाच दाखवतात. सगळ्यात मोठ्यानं हसतात सेक्रेटरी. पडदा बांधतात तो सूचनाफलकावर, त्यामुळे 'बॅचलरना फ्लॅट भाड्याने देऊ नये' ही त्यांच्याच सहीची सूचना तेवढे तीन तास झाकलेली असते.