कोट घातलेला पुदिना

आयबीएसवाला, म्हणजे इरिटेबल बाउल सिंड्रोमवाला, चिडक्या आतड्याचा माणूस चटकन ओळखू येतो. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर बाकीचे नवरा-नवरी कुठे आहेत ते बघतात, हा संडास कुठे आहे ते बघतो. कसारा ते सीएसएमटी या मार्गावर कुठल्या स्टेशनात, कुठल्या फलाटाच्या कुठल्या टोकाला सोय आहे हे त्याला तोंडपाठ असतं, कारण लोकलच्या डब्यात ती नसते. रक्त नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, दुर्बीण घातली तर आतडं नवंकोरं. डॉक्टर म्हणतात, ‘काही नाही.’ घरचे म्हणतात, ‘बघ, सांगत होतो ना!’ आणि पोटात कळ यायची ती येतेच.

अशा माणसाला सल्ला देण्याचा हक्क आपल्याकडे प्रत्येकाला जन्मतःच मिळतो. सध्या हवा पुदिन्याची आहे. आत्या डबाभर चटणी पाठवते. शेजारचे काका पुदिन्याचं पाणी सांगतात, तेही अनशापोटी. न्यू जर्सीचा चुलतभाऊ पेपरमिंट चहाची पाकिटं घेऊन येतो. तिघांचं म्हणणं एकच: ‘अरे, विज्ञानानं सिद्ध झालंय. शिवाय नैसर्गिक!’

विज्ञानानं काहीतरी सिद्ध केलंय, हे खरं. फक्त ते आत्याच्या डब्यातल्या वस्तूबद्दल नाही.

प्रयोग झाले ते पेपरमिंटच्या तेलावर. आपण मंडईतून आणतो ती जुडी बहुधा स्पिअरमिंटची. दोघं भाऊबंद खरे, पण मेन्थॉलची सगळी इस्टेट पेपरमिंटकडे. स्पिअरमिंटच्या वाट्याला कार्व्होन नावाचा सुगंध आला, चटणीला तो झकास लागतो, विषय संपला. आणि हे पेपरमिंट म्हणजे पाणपुदिना आणि स्पिअरमिंट यांचा संकर. त्याला बी धरत नाही, धावत्या फांद्या लावूनच वाढवावं लागतं. ‘हायब्रीड टोमॅटो आमच्या घरात येत नाही’ असं ठणकावणारे लोक हा हायब्रीड पुदिना मात्र निसर्गाचा प्रसाद म्हणून घेतात.

मेन्थॉल करतं काय? आतड्याच्या भिंतीतले स्नायू आवळतात ते पेशींत कॅल्शियम शिरतं म्हणून. मेन्थॉल ती वाट अडवतं, स्नायू सैल पडतो, कळ थांबते. 1982 साली तर ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांनी लिहिलं, की कोलोनोस्कोपी चालू असताना आतडं आखडलं तेव्हा पेपरमिंटचं तेल थेट आत सोडलं आणि ते सैल झालं. नैसर्गिक उपायाचा हा मार्ग मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीच पुढे पाठवत नाही.

अडचण अशी, की मेन्थॉल भेटेल त्या स्नायूला सैल करतं. तेल जठरात सुटलं, तर आधी ढिली पडते अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप. आम्ल वर चढतं. पोटाचं राहिलं बाजूला, छाती पेटते. म्हणून कॅप्सूलला असं आवरण चढवावं लागतं, की ते जठराच्या आम्लाला दाद देत नाही आणि पुढे लहान आतड्यात गेल्यावर विरघळतं. नेहमीचा डोस सुमारे 0.2 मिलिलिटर तेल, दिवसातून तीनदा, जेवणाच्या अर्धा-एक तास आधी. वरून अ‍ॅसिडिटीचं गुलाबी औषध ढोसलं तर आवरण वाटेतच विरतं आणि सगळं मुसळ केरात. कॅप्सूल चावून खाल्ली तरी तेच. काहींना दुसऱ्या टोकाला आग होते, ती वेगळीच. जाताना गार, निघताना गरम. साइड इफेक्ट शून्य म्हणणाऱ्यांनी हा अनुभव जरूर विचारून घ्यावा.

म्हणजे झाड संकरित, तेल भट्टीवर वाफेनं काढलेलं, डोस मोजलेला, कोट कारखान्यात शिवलेला. यात निसर्ग शोधायचा तर तो कॅप्सूलच्या खोक्यावरच्या हिरव्या पानात सापडतो. माझी त्याबद्दल काहीही तक्रार नाही. औषध असंच असावं. तक्रार आहे ती परीक्षेला कॅप्सूल बसवायची आणि सर्टिफिकेट चटणीच्या नावावर फाडायचं, याची.

त्या सर्टिफिकेटवरचे मार्कही बघू. 2008 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं चार प्रयोगांची, 392 रुग्णांची बेरीज छापली. तेल घेणाऱ्यांपैकी 26 टक्क्यांची तक्रार कायम राहिली, खोटं औषध घेणाऱ्यांपैकी 65 टक्क्यांची. डिस्टिंक्शन! मग 2020 साली नेदरलँड्समध्ये 190 रुग्णांवर आठ आठवडे नीट बेतलेला प्रयोग झाला. कळ पुरेशी कमी झाली ती 47 टक्क्यांची, खोट्या गोळीवर 34 टक्क्यांची. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, असं संख्याशास्त्रानं सांगितलं. बाकीच्या काही मोजमापांत तेल पुढे होतं, एवढंच. अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनेनं 2021 साली तेल ‘सुचवलं’, आणि पुरावा हलका आहे हेही लिहून ठेवलं. मुळात पुदिन्याचा ढेकर आला, की आपल्याला खरी कॅप्सूल मिळाली हे रुग्णाला कळतंच. ढेकरापुढे कसली गोपनीयता?

खोट्या गोळीचा पराक्रम त्याहून मजेशीर आहे. 2010 साली हार्वर्डच्या संशोधकांनी आयबीएसच्या 80 रुग्णांपैकी निम्म्यांना स्पष्ट सांगून पोकळ गोळ्या दिल्या: यात औषध नाही. 59 टक्क्यांना पुरेसा आराम पडला. गोळी न मिळालेल्यांपैकी 35 टक्क्यांना. दोन्ही गटांशी डॉक्टर सारखंच बोलले होते. तेव्हा आत्याची चटणी ‘मला लागू पडली’ असं कुणी सांगितलं, तर मी वाद घालत नाही. लागू पडलीही असेल. आत्यानं प्रेमानं पाठवलेली असते.

इसबगोलाचं मात्र वाईट वाटतं. शेजारच्या गुजरातेत पिकतो, विरघळणारा चोथा म्हणून आयबीएसमध्ये त्याच्या बाजूनं बरा पुरावा आहे, भुसाही दुकानादुकानात मिळतो. पण त्याला ना गारवा, ना सुगंध, ना परदेशी चुलतभाऊ. आणि कांदा, लसूण, गहू, राजमा काही आठवडे कमी करून बघा, असं आहारतज्ज्ञांनी म्हटलं, की घरात सुतक पडतं. पोटात नवीन काही घालायला सगळे एका पायावर तयार, ताटातून काही उचला म्हटलं की आयबीएस परवडला.

ज्यांचं निदान डॉक्टरांनी केलंय, त्यांनी त्यांना विचारून आवरणवाली कॅप्सूल काही आठवडे जरूर घेऊन बघावी. छातीत जळजळीचा जुना त्रास असेल तर तेही आधी सांगावं. चटणी सगळ्यांनी खावी, चटणी म्हणून. पण शौचात रक्त दिसलं, वजन आपोआप उतरू लागलं, पोट रात्री झोपेतून उठवू लागलं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोटाचं वेळापत्रक बदललं, तर आत्या, काका आणि न्यू जर्सी या तिघांनाही रजा द्या आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा.