जीपशोध: पाटण, मोहर्ली, मंडी डबवाली, मार्गे कुर्ला

जुनी जीप घेऊन ती घरातल्या मुलांच्या हातून पुन्हा उभी करणे या उद्योगाचे दोन भाग पडतात: पाहणे आणि खोलणे. खोलण्याविषयी सल्ला देणारी माणसे प्रत्येक गॅरेजबाहेरच्या बाकावर भेटतात. पाहण्याचा भाग मात्र जवळजवळ पूर्णपणे प्रवासात घडतो, आणि त्याचे मार्ग, मुक्काम व मिसळीची ठिकाणे आता बरीचशी ठरून गेलेली आहेत.

या प्रवासाला सहसा चार माणसे निघतात. पहिले वडील, यांच्या लहानपणी कोणाच्या तरी मामाकडे जीप होती. दुसरी सोळा-सतरा वर्षांची मुलगी. हिने इंजिन खोलण्याचे सगळे व्हिडिओ पाहिलेले असतात, पाना मात्र हातात धरलेला नसतो. तिसरा चौदा वर्षांचा मुलगा. गाडीचा रंग कोणता असावा हे त्याने गाडी मिळण्याआधीच ठरवलेले असते. चौथी आई. ती पहिल्याच संध्याकाळी ‘उभी कुठे करणार?’ असे विचारते. संपूर्ण विषयातला हा सर्वांत मूलभूत प्रश्न असून त्याचे उत्तर वाटेत कुठल्याही मुक्कामावर मिळत नाही, कारण ते सोसायटीच्या सचिवांकडे असते आणि त्यांना कोणी विचारलेले नसते.

मुलांना ही गाडी चालवता येणार नाही, हे निघण्यापूर्वीच त्यांना सांगून ठेवावे. मोटारीचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला पंचवीस हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. मुलगा चौदाचा असेल तर मध्ये चार वर्षे राहतात. अशा कामाला ती पुरतात. काही घरांत पुरत नाहीत.

भारतात जुनी फोर बाय फोर म्हटले की आधी महिंद्राची जीप डोळ्यांपुढे येते. १९४५ मध्ये महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरल. १९४८ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’चे ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. छापून ठेवलेली स्टेशनरी वाया जाऊ नये म्हणून आद्याक्षरे तीच राहतील असे नाव निवडले, असे सांगतात. कंपनी मुंबईची असली तरी हा विचार पुण्यात कोणालाही पटेल. अमेरिकेच्या विलिज कंपनीच्या सुट्या भागांतून मुंबईत जीप जोडणे सुरू झाले, हळूहळू भाग इथेच बनू लागले, आणि अमेरिकेत सीजे थ्री बी हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झाल्यावरही त्याची भावंडे भारतात कित्येक वर्षे निघत राहिली. सुटे भाग आजही मिळतात ते त्यामुळेच. पन्नास वर्षे जुन्या परदेशी गाडीचा वॉटर पंप शोधण्यात शाळेची एक अख्खी इयत्ता निघून जाते. जीपचा मात्र तालुक्याच्या ठिकाणीही मिळू शकतो.

पहिली फेरी बहुधा साताऱ्याच्या बाजूला होते. कोयनेच्या खोऱ्यात, पाटण तालुक्यात, वडाप म्हणून आयुष्य काढलेल्या जीपगाड्या गोठ्याच्या आडोशाला उभ्या असतात. त्यांतल्या पुष्कळशा गाड्यांना फक्त मागची चाके ओढतात, आणि ही गोष्ट जाहिरातीत लिहिलेली नसते. ओळखण्याची खूण सोपी आहे. वाकून पुढच्या दोन चाकांमधल्या आसाकडे पाहावे. मागच्या आसाला असतो तसा लोखंडी गोळा तिथेही दिसला, तर पुढची चाके ओढण्याची सोय आहे. आत गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोट्या दांड्या असाव्यात: एक पुढची चाके जोडण्यासाठी, दुसरी चढासाठी हलका गिअर टाकण्यासाठी. वडील दांड्या मोजतात आणि खूश होतात. मुलगी गाडीखाली शिरून त्या दांड्यांचे दुसरे टोक कशाला जोडलेले आहे ते पाहते.

विक्रेत्याला येण्याची वेळ कळवू नये. रात्रभर थंड राहिलेले इंजिन कसे सुरू होते, यावरून त्याची खरी तब्येत कळते. तासभर आधी फिरवून गरम केलेले इंजिन सगळ्यांशी गोड बोलते. तरीही खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवून वडील फोन करतातच. ‘या की पाव्हणं, वाट बघतोय,’ असे उत्तर येते, आणि कुटुंब पोचेपर्यंत बॉनेट तापलेले असते. तेवढ्यात चहा येतो. जीप सुरू होते, निळा धूर निघतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पिते आहे, काळा म्हणजे डिझेल धड जळत नाही, आणि गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा म्हणजे हेड गॅस्केटकडे संशयाने पाहावे. विक्रेत्याच्या मते तिन्ही रंगांचे कारण ‘लई दिस उभी हाय’ हे एकच असते.

वडील इंजिनापाशी उभे राहतात आणि अर्धा तास हलत नाहीत. पाहण्याचा हा क्रम उलटा आहे. इंजिन सगळ्यात शेवटी पाहावे, कारण जुन्या जीपमध्ये त्याच्याइतके सहज सुधारणारे दुसरे काही नाही: बोअर करता येतो, लायनर, पिस्टन, रिंगा मिळतात, आणि अगदीच गेले तर त्याच जातीचे दुसरे मिळते. चासी कुजली असेल तर वेल्डिंगवाला ठिगळे लावतो आणि मग त्या ठिगळांचीच जीप होते. म्हणून आधी कागद, मग चासी, मग पत्रा, आणि जेवण झाल्यावर इंजिन. पत्रा तपासायला मुलाच्या हाती साधे लोहचुंबक द्यावे. जिथे ते चिकटत नाही तिथे पुटी भरलेली आहे. मुलगा शेवटी चुंबक कुठे चिकटते तेवढेच मोजू लागतो, कारण ते काम लवकर संपते.

कागद पाहताना चासीवर ठोकलेला नंबर आणि आरसी बुकातला नंबर अक्षरशः जुळवावा. त्यावरचा चिखल घासण्याचे काम आनंदाने करणारा सदस्य प्रत्येक कुटुंबात असतो. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल हा प्रकार वारंवार दिसतो. तेल महाग झाले तसे अनेकांनी पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले आणि नोंद करायचे राहून गेले. पुष्कळदा आरसीवरचे मालक निवर्तलेले असतात. मग वारसांच्या सह्या लागतात, आणि त्यांची यादी त्याच घराच्या सातबाऱ्यापेक्षा लांब निघते. एक चुलते मुंबईला असतात, दुसरे बोलत नसतात.

इंजिनांच्या जाती ओळखता येणे मुलांसाठी महत्त्वाचे आहे, कारण कामाची वाटणी त्यावर ठरते. विलिजच्या वंशातले २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन शिकण्यासाठी सर्वांत चांगले: कार्बोरेटर काढून स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडता येतो, अर्थात आईला न विचारता उघडल्यास एकदाच. इंटरनॅशनल कंपनीच्या ट्रॅक्टरचे इंजिन बसवलेल्या जीप धिम्या, दणकट आणि विहिरीवरच्या पंपासारख्या आवाजाच्या. एमएम ५४० मध्ये २११२ सीसीचे प्यूजो डिझेल येते. ते तुलनेने सभ्य आहे. पण डिझेलचा पंप आणि नोझल घरी उघडू नयेत. ते काम पंपवाल्याचे. मुलांनी फक्त तिथे बसून पाहावे. वायरिंग मात्र कुठल्याही जुन्या जीपचे इतके थोडे असते की सुटीत एक शाळकरी मुलगी ते सगळे नव्याने ओढू शकते.

जीप पसंत पडली नाही तरी ही फेरी वाया जात नाही. साताऱ्याहून कंदी पेढे येतात.

दुसरी फेरी चंद्रपूरला, कारण मुलांच्या मते जीप म्हणजे महिंद्रा असे मानणे ही वडिलांच्या पिढीची समजूत असते. त्यांना जिप्सी हवी असते. मारुतीची जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये आली, ९७० सीसीच्या इंजिनासह. १९९६ मध्ये जिप्सी किंग १२९८ सीसीचे इंजिन घेऊन आली. लष्कर, पोलीस, रॅलीवाले आणि ताडोबाचे वाघ या चौघांनी तिला प्रतिष्ठा दिली. मोहर्लीच्या फाटकाशी पहाटे उभ्या असलेल्या रांगेकडे पाहिले तर वाघापेक्षा जिप्सी दिसण्याची खात्री जास्त वाटते. सफारीतून निवृत्त झालेली जिप्सी विकत घेताना एवढे ध्यानात ठेवावे की तिने अनेक वर्षे दिवसातून दोनदा मातीच्या रस्त्यावरून पर्यटक वाहिलेले आहेत. पत्रा पातळ, गंज उत्साही, आणि पाटे इतके कडक की मागच्या आडव्या बाकांवर बसलेल्या माणसाला खड्ड्याची बातमी आधी कळते. तरीही वजनाने हलकी आणि यंत्रणेने सरळ असल्यामुळे किशोरवयीन हातांना ती महिंद्रापेक्षा सोयीची पडते. गिअरबॉक्स उतरवताना हा फरक पायाच्या बोटांना चांगला समजतो.

जोंगाचा उल्लेख टाळता येत नाही, कारण या टप्प्यावर कोणी तरी वडिलांना तिचा फोटो पाठवते. जबलपूरच्या वाहन कारखान्यात निस्सान पॅट्रोलच्या परवान्यावर १९६९ पासून ही गाडी लष्करासाठी बनली. सहा सिलिंडर, ३९५६ सीसी, पेट्रोल. लिटरला चार-पाच किलोमीटर. लष्करी लिलावातून बाहेर पडलेल्या जोंगा भव्य दिसतात. आईचा मूळ प्रश्न इथे सर्वांत मोठ्या आवाजात विचारला जातो, आणि फेरी जबलपूरचे तिकीट काढण्यापूर्वीच संपते.

तिसरी फेरी लांबची. हरियाणाच्या सिरसा जिल्ह्यात, पंजाबच्या सीमेला चिकटून मंडी डबवाली नावाचे गाव आहे, आणि जुन्या जीप नव्याने बांधून देण्यासाठी ते देशभर ओळखले जाते. पुण्याहून अंतर दीड हजार किलोमीटरांच्या आसपास. तिथे जीप निवडायची नसते, सांगायची असते: एवढी लांब, एवढे रुंद टायर, असा रंग, वर लाइटांची रांग. चौदा वर्षांच्या मुलाला हे ठिकाण फार आवडते, कारण तिथे त्याच्या रंगाविषयीच्या मताला पहिल्यांदा कोणी गांभीर्याने घेते. वडील मोडक्या हिंदीत घासाघीस करतात. समोरून लस्सीचे भलेमोठे ग्लास येतात, आणि ग्लास रिकामा होईपर्यंत किमतीचा विषय निघत नाही.

अडचण परतीच्या वाटेवर कळते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीची मूळ रचना मनाजोगती बदलता येत नाही. एका गाडीची चासी, दुसरीचे इंजिन आणि नव्याने ठोकलेली बॉडी अशी जीप शेतात शोभते; आरटीओच्या दारात तिचे वय, कूळ आणि नंबर हे तिन्ही विचारले जातात. शिवाय परराज्यातली गाडी आणायची तर तिथल्या कार्यालयाचे ना-हरकत पत्र, इथला कर आणि नवी नोंदणी हे सगळे आले. दुसरे असे की बांधून आणलेल्या जीपमध्ये मुलांना करण्यासारखे काही उरत नाही. मुलगी हे सुरतगडच्या पुढे कुठे तरी रेल्वेतल्या वरच्या बाकावरून सांगते. वडील झोपल्याचे दाखवतात.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मुळाबरहुकूम असेल तर तिला वेगळी वाट आहे. २०२१च्या नियमांनुसार अशा वाहनाची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. मात्र ती रोज भाजी आणायला वापरता येत नाही. पन्नास न गाठलेल्या जीपला नेहमीचाच मार्ग: पंधरा वर्षे उलटल्यावर दर पाच वर्षांनी तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर.

कुर्ल्याची फेरी खरेदीनंतर करायची असते, पण सर्व कुटुंबे ती आधीच करतात. मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग तिथे गल्लीगल्लीत रचलेले असतात, आणि कुठलीही वस्तू विचारली तरी उत्तर ‘मिल जाएगा’ असेच येते. भागाच्या तीन प्रती सांगितल्या जातात: ओरिजिनल, लोकल आणि ‘ओरिजिनल जैसा’. तिसरी सर्वांत महाग असते. जुना भाग बरोबर नेऊन शेजारी धरून पाहावा, नाव सांगून मागू नये. दुकानदाराचे नाव वेगळे, मिस्त्रीचे वेगळे आणि व्हिडिओतले आणखी वेगळे असते. अजून जीपच घेतलेली नसताना पुढचा बंपर फार स्वस्तात मिळाला म्हणून घेतला, आणि तो लोकलच्या मालडब्यातून मासळीच्या टोपल्यांशेजारी उभा करून आणला, असे प्रसंग घडतात. तो बंपर पुढे पसंत पडलेल्या जीपला बसत नाही.

अखेर जी जीप घेतली जाते ती बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत पाहिलेली, गोठ्यामागची असते. मधल्या काळात तिची किंमत पाच हजारांनी वाढलेली असते, कारण विक्रेत्याने वडिलांचा चेहरा तेव्हाच वाचून ठेवलेला असतो. ती चालवत घरी आणू नये. चारही चाकांचे ड्रम ब्रेक कधी उघडले होते हे कोणालाच आठवत नसते, आणि ते शोधण्याची जागा खंबाटकीचा उतार नव्हे. सपाट टेम्पो ठरवावा, तिला दोरांनी चारही बाजूंनी बांधावे आणि मुलांना मागच्या गाडीत बसवावे. त्यांनी वाटेत फोटो काढावेत. खोलताना प्रत्येक बोल्टच्या आधीही एक काढावा आणि बोल्ट नावनिशी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवावेत.

नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या पैसे देतानाच, टेम्पो हलण्यापूर्वी घ्याव्यात. ‘दिवाळीनंतर पुण्याला येणारच हाय, तवा करू’ असे म्हणणारा विक्रेता दिवाळीनंतर येतोही, पण त्याच्या पुतण्याच्या लग्नाची पत्रिका द्यायला, आणि पेन त्याच्याजवळ नसते.