व्हाया भिवंडी

माझी भाची न्यू जर्सीत आठवीत शिकते. गेल्या वर्षी तिच्या शाळेने मुलांना दहा दिवस इंग्लंडला नेलं, थेट मँचेस्टरला. शाळाशाळांमधली देवाणघेवाण. आधी अमेरिकेतली मुलं इंग्लंडमधल्या घरांत राहणार, मग तिकडची इकडे, आणि दोन्हीकडच्या आया त्या निमित्ताने फ्रिजच्या मागे झाडू मारणार. भाषा दोघांचीही इंग्रजीच, त्यामुळे माझी बहीण निर्धास्त होती. पहिल्याच रात्री भाचीने जेवताना यजमानांच्या मुलीच्या पॅन्टची तोंडभरून तारीफ केली आणि टेबलावर शांतता पसरली. तिकडे पॅन्ट म्हणजे आतली चड्डी. दुसऱ्या दिवशी सँडविचबरोबर चिप्स मागितले, तर बटाट्याचे गरमागरम जाड तुकडे आले. तिला हव्या होत्या त्या कुरकुरीत चकत्यांना तिथे क्रिस्प्स म्हणतात, हे कळेपर्यंत परतीची बॅग भरायची वेळ आली.

फॅमिली ग्रुपवर आलेल्या दीडशे फोटोंपैकी एकात ती अब्राहम लिंकनच्या पुतळ्याखाली उभी होती. हा बाबा मँचेस्टरात काय करतोय, म्हणून मी चौकशी केली. तर 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस यायचा थांबला आणि मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्या थंडावल्या. तरीही तिथल्या कामगारांनी 1862 च्या शेवटच्या दिवशी सभा घेऊन लिंकनला पत्र धाडलं, की गुलामगिरीविरुद्ध आमचा तुम्हाला पाठिंबा आहे. घरात चूल पेटायची मारामार असताना! लिंकनने जानेवारी 1863 मध्ये उलटटपाली आभार मानले. त्याच सुमारास आपल्या मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मंडळी धडाधड शेअर घेत होती. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि शेअरवाले पार धुपले. ज्याचा त्याचा स्वभाव.

हे सगळं मी हौसेने मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत सांगितलं, ही माझी चूक. मुख्याध्यापिका बाई मूळच्या पुण्याच्या, म्हणजे सूचना ऐकून सोडून देणाऱ्यांतल्या नव्हेत. ‘आपणही करू या’, त्या म्हणाल्या. अमेरिका परवडणार नव्हती. त्यांची एक मैत्रीण इचलकरंजीच्या शाळेत मुख्याध्यापिका होती, ती परवडणार होती. शिवाय इचलकरंजी म्हणजे महाराष्ट्राचं मँचेस्टर. आता हे बिरुद आमच्या भिवंडीलाही लावतात आणि मालेगावालाही. महाराष्ट्रात जिथे यंत्रमाग खडखडतो तिथे मँचेस्टर असतं. अस्सल मँचेस्टरमधला खडखडाट कधीच थांबलाय, ते सोडा.

डिसेंबरात तिकडच्या बारा मुली आणि दोन शिक्षिका एसटीने आमच्याकडे यायला निघाल्या. इचलकरंजी ते ठाणे वेळापत्रकाप्रमाणे पार पडलं. ठाणे ते भिवंडी या पंधराएक किलोमीटरला पावणेदोन तास लागले. माणकोलीच्या आसपास गाडी इतका वेळ उभी होती, की मुलींना वाटलं, मुक्काम इथेच आहे.

आमच्या वाट्याला आलेली मुलगी दोन वेण्यांची, चौकस डोळ्यांची होती. चपला काढता काढता म्हणाली, ‘काकू, आमच्या दादाचा मोबाईल तीन दिस हितंच अडकलावता. रोज बघायचो, भिवंडी, भिवंडी, भिवंडी. गाव केवढं असंल म्हणून बघाय आलो.’

भिवंडीची खरी ओळख आता हीच. ताजमहाल बघायला लोक आग्र्याला जातात. पार्सल कुठवर आलं ते बघायला गेलं, की भिवंडी लोकांच्या मोबाईलवर आपण होऊन येते. देशभर घरपोच जाणारे मिक्सर, चपला आणि पुस्तकं आमच्या गोदामांत विसावा घेतात. सगळ्यांचं सामान आमच्याकडून जातं, आमचं तेवढं वेळेवर येत नाही.

सासूबाई आतून ऐकत होत्या. मला स्वयंपाकघरात ओढून हळूच म्हणाल्या, ‘मुलगी आहे ना गं ती? मग आलो काय, बघायचो काय?’ दक्षिण महाराष्ट्रात बायका सर्रास ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणतात, हे मी त्यांना समजावलं. त्यांना पटलं नाही. पुढचे पाच दिवस ती ‘आज्जी, मी आंघूळ करून आलो’ म्हणाली, की त्या अभावितपणे पदर सावरत.

आमची कन्या मात्र खूष. तिला दुसऱ्याच्या चुका काढायला मिळाल्या, की भूक लागत नाही. ‘अगं, आलो नाही, आले! मी पण आधी हेच बोलली.’

‘बोलली?’ पाहुणी फिस्सकन हसली. ‘कुणाशी बोललीस? म्हणाले म्हणायचं असतंय. मीबी तसंच म्हणालो की बाईंना.’

पुण्याच्या मुख्याध्यापिका बाई त्या वेळी नेमक्या दारात उभ्या होत्या. दोघींकडे आळीपाळीने बघत त्यांनी पाणी मागितलं.

जेवणात तर आमची अब्रूच गेली. मी फ्लॉवर-बटाट्याचा रस्सा केला होता. पाहुणी दोन घास खाऊन अदबीने म्हणाली, ‘काकू, जरा चटणी कमी पडलीया.’ मी लगबगीने खोबऱ्याच्या हिरव्या चटणीची वाटी तिच्या ताटाशी ठेवली. ती वाटीकडे बघत राहिली. मी आग्रह केला, ‘घे ना, अजून आहे.’ तिने ती चटणी मुकाट्याने रश्श्यात कालवली आणि डोळे मिटून खाल्ली. तिसऱ्या दिवशी कळलं, की तिकडे चटणी म्हणजे भाजीत घालायचं लाल तिखट. तीन दिवस ही पोर आमच्याकडे रोज खोबरं कालवून जेवत होती आणि मी शेजारणीला सांगत होते, की बाई, चटणीची काय आवड आहे मुलीला!

‘आमचं आजोबा रानात असत्यात’ असं ती म्हणाली, तेव्हा सासूबाईंनी हात जोडले. त्यांना वाटलं, वानप्रस्थ घेतला. रान म्हणजे शेत, आणि आजोबा तिथे उसाला पाणी पाजत होते.

चौथ्या दिवशी शाळेने वज्रेश्वरीला नेलं. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत नवस केला, 1739 मध्ये किल्ला पडला आणि मग देवीचं हे देऊळ उभं राहिलं, असं बाईंनी पायऱ्यांवर उभ्या उभ्या सांगितलं. मुलींचं लक्ष अकलोलीच्या गरम कुंडांकडे. आमच्या पाहुणीने पाण्यात पाय घातला, चटका बसला, पाय काढला आणि पहिला प्रश्न विचारला तो पाणी गरम कसं याचा नव्हे. ‘ह्ये रोज येतंय?’ इचलकरंजीच्या नळांची कीर्ती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा प्रश्न वावगा वाटायचा नाही.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या रात्रीचं.

आमचं घर नारपोलीला. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे यंत्रमागाचा कारखाना, चोवीस तास चालू. पाहुणीला झोप लागेल की नाही, या काळजीने मी कानात घालायला कापूस काढून ठेवला होता. ती पाठ टेकताच घोरू लागली. तिच्या वडिलांचे चार माग घरालाच लागून होते. ती त्याच अंगाईवर वाढलेली. रात्री दोनच्या सुमारास लाईट गेली. माग थांबले. आणि सगळं घर खडबडून जागं झालं. नवरा उठून बसला, सासूबाईंनी रामाचं नाव घेतलं. अंधारात पाहुणीचा आवाज आला, ‘काय झालं ओ? एवढं शांत का?’ गॅलरीत बघते, तर अख्खी चाळ कठड्याला रेलून उभी. कुणी काही बोलत नव्हतं. वीस मिनिटांनी लाईट आली, भिंतीपलीकडे एक माग खडखडला, मग दुसरा, आणि लोक जांभया देत आत गेले.

पाहुणी मात्र भिंतीला कान लावून बसली. ‘काकू, कोपऱ्यातला दुसरा माग नीट चालंना. धोटा अडकतोय बघा.’ सोळा वर्षं मी त्या भिंतीला टेकून पोळ्या लाटतेय. मला तो नुसता आवाज होता. तिला त्यात एकेक माग वेगळा ऐकू येत होता.

सकाळी दोघी मुलींना घेऊन मी कारखान्यात गेले. कोपऱ्यातल्या दुसऱ्या मागावर उत्तर प्रदेशातले एक चाचा खरोखरच शटल काढून बघत होते. धोटा म्हणजेच शटल, हे पाहुणीला आणि चाचांना हातवाऱ्यांनी दोन सेकंदांत कळलं; मला दोन रात्री लागल्या होत्या. ती प्रत्येक मागासमोर थांबून निरखू लागली, तसे मालक अस्वस्थ झाले. ‘फोटो नको हां, बेबी.’

बघणारा नक्कल करील, ही मालकांची भीती अगदीच खोटी नव्हती. अमेरिका आणि इंग्लंडमधल्या असल्या सहलींचा मूळपुरुष मी फ्रान्सिस कॅबट लॉवेल यालाच मानते. बॉस्टनचा हा व्यापारी 1810 मध्ये हवापालटासाठी म्हणून विलायतेला गेला आणि तिथल्या गिरण्या बघत हिंडला. यंत्रं किंवा त्यांचे नकाशे देशाबाहेर न्यायला ब्रिटिशांची सक्त मनाई होती. त्याने कागदावर एक रेघ ओढली नाही, सगळं डोक्यात भरून घेतलं. 1812 मध्ये परतताना त्याचं सामान तपासलं, त्यात काहीच सापडलं नाही. दोन वर्षांत त्याने पॉल मूडी नावाच्या कारागिराच्या मदतीने वॉल्थॅमला माग चालू करून दाखवला. पुढे त्याच्या नावाने अमेरिकेत कापडगिरण्यांचं गावच वसलं. सहलीहून आल्यावर निबंध लिहायला लावतात, त्यापेक्षा हे किती बरं.

आमच्या पाहुणीने मात्र डोक्यात काय भरून नेलं, ते निघताना कळलं. ‘तुमच्या मागाला लई तेल लागतंय,’ ती मालकांना म्हणाली, ‘आमच्या पप्पांना इचारून सांगतो.’ आणि फोन लावून खरोखरच सांगितलं.

फेब्रुवारीत आमच्या मुली इचलकरंजीला जाऊन आल्या. कन्या दारातूनच ओरडली, ‘आज्जी, मी आलो!’ सासूबाईंनी तेव्हापासून तिच्याशी बोलणं कमी केलंय.

इचलकरंजीच्या काकूंनी मागाहून आमच्यासाठी दोन किलो भडंग आणि घरच्या चटणीचा डबा, म्हणजे तिखटाचा, कुरियरने पाठवला. मोबाईलवर बघितलं, तर पार्सल भिवंडीला पोहोचलंय. त्याला आज नऊ दिवस झाले. ते गोदाम आमच्या गच्चीवरून दिसतं. नवरा दोनदा स्कूटरवरून जाऊन आला. तिथला माणूस म्हणतो, पार्सल भिवंडीत आहे हे खरं, पण भिवंडीला जायचं असल्यामुळे आधी बाहेर जाऊन यावं लागेल.

वाचकांपैकी कुणी तिकडे कामाला असेल, तर कृपा करून बघा. निळ्या सुतळीने बांधलेलं खोकं आहे, आणि चार दिवसांपूर्वीपर्यंत त्याला लसणाचा वास येत होता.