आधी ज्योत, मग गॅस

मेलबर्न,
आषाढी एकादशी

ती. आई व ती. बाबा यांना सा. न.

पत्रास कारण की, तुमचे चिरंजीव फोनवर 'इकडे सगळं मजेत' एवढंच सांगतात. मजा अशी की, तिकडे पनवेलला पागोळ्या गळत असतील आणि इकडे भर जुलैत आमचे दात वाजताहेत. पहाटे पारा 6 अंशांवर असतो. उपासाची खिचडी ताटात पडेपर्यंत गार होते.

हॉलच्या भिंतीत घरमालकांचा जुना गॅस हीटर आहे. त्याच्या पोटात 'पायलट' नावाची बारीक ज्योत सतत तेवते आणि तिच्यावर मोठा बर्नर पेटतो. ती ज्योतच विझली. चिरंजीव फरशीवर आडवे झाले, नात टॉर्च धरून उभी राहिली. खटका 'पायलट'वर फिरवून दाबून धरायचा, दुसऱ्या हाताने ठिणगीचं बटण मारायचं, टक् टक्. पेटली तरी अर्धा मिनिट खटका सोडायचा नाही. सोडला की ज्योत गुल! मग साचलेला गॅस निघून जाईपर्यंत पाच मिनिटं थांबायचं. त्या पाच मिनिटांत चिरंजीव आम्हाला विज्ञान शिकवत.

आई, 'आधी काडी ओढ, मग गॅस सोड' हा तुमचा नियम या यंत्रात कायमचा बसवलाय. ज्योतीत थर्मोकपलचं टोक असतं, म्हणजे दोन वेगळ्या धातूंचा सांधा. तो तापला की 25-30 मिलिव्होल्ट वीज निघते, भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढी. तेवढ्या विजेवर एक चुंबक गॅसची झडप उघडी धरतो. टोक निवलं की झडप बंद. ज्योतीचा पुरावा दाखवल्याशिवाय गॅस नाही; एखादा तलाठीसुद्धा कागदासाठी इतका अडून बसत नसेल.

आमची ज्योत पिवळी, मरतुकडी. टोकापर्यंत पोचतच नव्हती. टपाल नाक्यावरच्या शेगडीवाल्याने पिन घालून पाच मिनिटांत काम संपवलं असतं. चिरंजीवांनीही माझी साडीची पिन उचलली होती, पण इथे परवाना असलेल्या गॅसफिटरखेरीज कोणी हात लावणं बेकायदा. भाड्याच्या घरातली गॅसची उपकरणं मालकाने दर दोन वर्षांनी तपासून द्यायची, असाही इथे 2021 पासून नियम आहे. आमच्या मालकांना तो आम्ही आठवण करून दिल्यावर आठवला.

गॅसफिटर आला, धुळीने बुजलेलं भोक साफ केलं आणि ज्योत निळीशार पेटली. मी चहा टाकला. तेवढ्यात त्याने सगळ्या खिडक्या लावल्या, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट सुरू केला आणि हीटरपाशी एक यंत्र धरलं. आकडा चढायला लागला. घर बंद असताना पंखा आतली हवा बाहेर ओढतो. ती तूट भरायला हीटरच्या धुरांड्यातला जळका वायू उलटा घरात येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड! गॅस गळला तर कळावं म्हणून त्यात मुद्दाम वास घातलेला असतो. या विषाला मात्र ना वास, ना रंग.

"एक्झॉस्ट कधी लावता?" त्याने विचारलं. म्हटलं, रोज, फोडणीला. नाही लावला तर छतावरचा धुराचा भोंगा कोकलतो. त्याने फोडणी म्हणजे काय ते समजून घेतलं आणि हीटरला नापासाची चिठ्ठी लावली. एवढ्या खटपटीने पेटवलेली ज्योत त्यानेच विझवली. आता नवा विजेचा हीटर येईपर्यंत तुमचे चिरंजीव माझी शाल पांघरून ऑफिसच्या मीटिंगला बसतात.

आता मुद्द्याचं. बाबा, तुमचा गॅस गिझर न्हाणीघरात आहे आणि पावसाची झड येते म्हणून खिडकी जूनपासून लावलेली आहे. त्याचे दोन जाडे सेल तुम्ही वेळेवर बदलता, ठिणगी झकास पडते, हे सगळं खरं. पण बंद खोलीत गिझर पेटला की तो खोलीतलाच ऑक्सिजन खातो आणि हे विष तयार व्हायला लागतं. गिझर बाहेर गॅलरीत हलवून घ्या. तोवर आधी बादली भरा, गिझर बंद करा आणि मगच अंघोळीला जा. खिडकी सताड उघडी हवी. डास येतात ही सबब चालणार नाही. कर्नाळ्याचे सगळे पक्षी आत आले तरी चालतील.

तुमची सून

ता. क. : आई, एक्झॉस्टच्या आवाजात फोडणीची चुरचुर ऐकू येत नाही, म्हणून चिरंजीव तुमच्या आमटीची आठवण काढतात. मी म्हटलं, बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवण्याची ही पद्धत चांगली आहे.