हेरणारे मामा

हिंगोली जिल्ह्यातल्या फाट्यावर सायकलचं दुकान असतं, दुकानापुढे बाकडं असतं आणि बाकड्यावर एक मामा असतात. दुकान त्यांचं नसतं, बाकडंही नसतं. पंक्चर काढता येत नाही, आणि सायकलवर बसलेलं त्यांना कुणी पाहिलेलं नाही. काम एकच, रस्त्यानं जाणाऱ्या लेकरात पुढचा मोठा माणूस हेरणं.

१९९९ साली परभणीतून जिल्हा वेगळा झाला तेव्हा आमचे मामा कलेक्टर हेरत. फाट्यावरची तीन पोरं त्यांनी बसल्या जागेवरून मसुरीला पोचवली. मग तेंडुलकर हेरले. त्यातला एक सध्या जेसीबी चालवतो आणि मामा दिसले की बकेट वर करून नमस्कार घालतो.

सायकलचं खूळ २०२६च्या जानेवारीतलं. लेकीकडे पुण्याला गेले होते, तिथं ‘पुणे ग्रँड टूर’ ही सायकल शर्यत निघाली होती, ४३७ किलोमीटरांची. मामा अडवलेल्या रस्त्याच्या कडेला दीड तास उभे राहिले आणि सगळा घोळका डोळ्यांपुढून झर्रकन निघून गेला. दुसऱ्या कुणाला दीड तास वाया गेल्यासारखा वाटला असता. मामा थेट ‘टूर द फ्रान्स’ला जाऊन पोचले. बाकीचं जावयानं मोबाइलवर दाखवलं.

“सर, एकवीस टप्पे, तीन आठवडे, तीन हजार किलोमीटरच्या वर. लई कौतुक चाललंय. आपले नरसीचे नामदेव महाराज पंजाबात घुमानपर्यंत गेले, ते कोणती जर्सी घालून गेले?”

आता तर पंढरपूरहून घुमानला सायकलयात्राही निघते, हे मी सांगायला नको होतं. मामांनी त्यातल्या साठीच्या वारकऱ्यांनाही संभाव्य यादीत घेतलं.

यादी म्हणजे खताच्या दुकानातून फुकट मिळालेली डायरी. तिच्या पहिल्याच पानावर एगान बर्नाल. हा कोलंबियाचा पोरगा २०१९ साली बाविसाव्या वर्षी टूर जिंकला. तो मोठा झाला सिपाकिरा नावाच्या गावात, आणि ते गाव मिठाच्या खाणींचं. मामांना एवढं पुरे झालं.

“मिठाच्या गावातून निघतो, तर हळदीच्या वसमतमधून कामून निघत नाही?”

मी म्हटलं, मामा, ते गाव अडीच हजार मीटरांच्याही वर आहे. तिथं हवा विरळ, म्हणून छाती तयार होते.

“आपल्याकडं मे महिन्यात हवाच नसते,” मामा म्हणाले.

दुसऱ्या पानावर तादेय पोगाचार. त्यानं २०२०ची टूर जिंकली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा बाविसावा वाढदिवस होता. पंचविशीपर्यंतच्या पोरांत जो पहिला येतो त्याला तिथं पांढरी जर्सी देतात, हे वाचून मात्र मामा खट्टू झाले. पांढरे कपडे घालून पुढेपुढे करणारे आपल्याकडं काय कमी आहेत, असं त्यांचं म्हणणं.

चढावर भारी पडणारा गडी वजनाच्या किलोमागे सहा वॅटच्या आसपास जोर लावतो, असंही जावयानं सांगून ठेवलं होतं. मामांनी सहा पोरं मोंढ्यातल्या हळदीच्या काट्यावर मोजून घेतली. किलोचा हिशेब लागला. वॅटसाठी वायरमनला गाठलं. त्यानं आधी गावात लाईट आहे का ते बघा, म्हणून सांगितलं.

एक खरं, आमच्याकडं पायांना तोटा नाही. पण सायकल म्हणजे मोटरसायकल येईपर्यंतची सोय. मामांच्या डायरीतली निम्मी नावं सोयाबीनला भाव मिळेल त्या वर्षी गळणार; पोरगा दहावी होणार, बाप सेकंडहँड गाडी घेणार, टूर बुडणार. भाव नसेल त्या वर्षी मामांचा संघ भरलेला असेल. हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही आणि मी सांगणारही नाही.

परवा औंढ्याच्या बाजूच्या चढावर एक डॉक्टर हेल्मेट, चष्मा, चापून बसणारी चड्डी अशा थाटात धापा टाकत चालले होते. मागून मानव विकास योजनेतल्या सायकलवर नववीतली एक मुलगी आली. कॅरिअरवर मैत्रीण, हँडलला दोन दप्तरं, चेन कुरकुरतेय. दोघी कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होत्या. डॉक्टर मागे पडले तरी ते बोलणं तुटलं नाही.

मामा उठून उभे राहिले. “सर, चढावर बोलायलीये! दम लागला की माणूस गप होतो. ही गप झाली नाही.”

ही मामांची आजवरची एकमेव शास्त्रशुद्ध परीक्षा असावी.

परत जाताना ती चाकात हवा भरायला थांबली. मामांनी डायरी उघडली.

“माय, पुढं काय करणार?”

“नर्सिंग.”

“आन् सायकल?”

“बारावी झाली की भावाला.”

“भाऊ केवढा?”

“सहा वर्षांचा.”

मामांनी बोटांवर मोजलं. मुलीचं नाव खोडलं नाही. कंसात ‘भाऊ’ असं लिहिलं आणि पुढे साल टाकलं, २०४१. मग दुकानदाराला बजावलं, “त्या सायकलची चेन तेवढी नीट बघून दे रे. लई लांब जायचंय तिला.”