सत्ताविसावा प्रश्न

कोकणातल्या आमच्या खेडमध्ये गोळीबार मैदान आहे. नाव ऐकून परगावचा माणूस दबकतो, पण घाबरण्यासारखं काही नाही. ५ मार्च २०२३ ला तिथं उद्धव ठाकरेंची सभा झाली आणि दोन आठवड्यांनी, १९ तारखेला, त्याच मातीवर एकनाथ शिंदेंची. इकडेही सेना, तिकडेही सेना. तोफा धडाडल्या, तलवारी उपसल्या गेल्या. एवढ्या घनघोर युद्धात कामी आले ते फक्त घसे!

सैनिकांच्या या सुकाळात आमच्या गावात एक खरा सैनिक आहे. निवृत्त सुभेदार. पडवीत त्यांची काळी ट्रंक असते, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. परवा एका पक्षाचे तालुक्याचे पुढारी त्याच ट्रंकेवर बसून म्हणाले, "सुभेदार, पंचायत समितीला उभे राहा. बॅनरसुद्धा ठरलाय. 'देशसेवेनंतर आता जनसेवा'!"

सुभेदार म्हणाले, "फौजेत शत्रू कुठल्या बाजूला ते आधी सांगायचे. तुमच्याकडे सकाळचा शत्रू संध्याकाळी स्टेजवर असतो."

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, सुभेदार, या वाटेनं तुमच्या आधी एक हवालदार गेलेत. गोपाळबाबा वलंगकर, महाडजवळच्या रावढळचे. १८८६ मध्ये पलटणीतून निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. पेन्शनीत माणूस आंब्याची कलमं लावतो. यांनी कागदाला कलम लावली. १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली आणि धर्माच्या ठेकेदारांना २६ प्रश्न विचारले. पुढे इंग्रज सरकारनं त्यांच्या महार समाजाची लष्करभरती बंद केली. ज्यांच्या जिवावर लढाया मारल्या, ते लढाऊ जातीचे नाहीत, हा शोध साहेबाला लढाया संपल्यावर लागला! गोपाळबाबांनी १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला.

१८९५ मध्ये सरकारनं त्यांना महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमलं. बोर्डाचं काम काय, तर रस्ते, विहिरी, धर्मशाळा. पण उच्चवर्णीय सभासदांना ही नेमणूक पचली नाही आणि वर्तमानपत्रांत वाद पेटला. सीमेवर हा माणूस आपल्या पुढे उभा राहिलेला चालतो. गावच्या मोरीचा ठराव करताना शेजारी बसलेला चालत नाही. मोरीचं पावित्र्य जपायला नको?

पुढारी गहिवरले. म्हणाले, "वा! हे भाषणात घेऊ. आता तसलं काही राहिलं नाही हो. आमच्याकडे कालपर्यंत शिव्या देणारासुद्धा आज मांडीला मांडी लावून बसतो."

खरं आहे. खुर्च्यांमधला विटाळ पुरता गेला. सत्तेचं गोमूत्र एकदा शिंपडलं की कुठलाही पक्ष शुद्ध होतो.

सुभेदार विरघळले असावेत. आत वळून त्यांनी चहा सांगितला. पुढाऱ्यांनी खिशातून गणांच्या आरक्षणाची यादी काढली, चष्मा लावला, बोट फिरवत एका ओळीवर थांबवलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

"बाकी सगळं जमतंय. पण सुभेदार, तुमची वाडी नक्की कुठली?"

गोपाळबाबांचे प्रश्न २६ होते. सत्ताविसावा आमच्या तालुक्यानं काढला. कोकणात वाडी सांगितली की आडनाव सांगावं लागत नाही.

सुभेदार उठले. पुढाऱ्यांना म्हणाले, "जरा उठा साहेब, ट्रंक आत न्यायचीय."