तिसऱ्याचं काय?

वर्ध्याच्या बजाज चौकात शिट्टी वाजते. दुचाकी बाजूला, मोबाइल बाहेर आणि भर उन्हात विम्याची शोधाशोध. बायकोला फोन, मेहुण्याला फोन, शेवटी एजंटला फोन. पॉलिसी सापडते. मुदत मागच्या दिवाळीत संपलेली.

गाडीचा विमा कशासाठी काढता हो? उत्तर ठरलेलं. "पोलिस पकडतात ना!"

विम्याविना पहिल्यांदा सापडलात तर दंड 2,000 रुपये, पुन्हा सापडलात तर 4,000. सव्वाशे सीसीच्या गाडीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता 2022 च्या दरपत्रकात 714 रुपये, वर कर. चौथीतल्या पोरालाही जमेल असा हिशोब. पण 714 रुपयांत गोरसपाक किती येतो, हा हिशोब आपल्याला आधी सुचतो.

बरं, ही थर्ड पार्टी म्हणजे कोण? पहिले तुम्ही, दुसरी कंपनी. तिसरा तो, ज्याला तुम्ही ठोकलं. विमा त्याच्या कामाचा, हप्ता आपल्या खिशातला.

म्हणूनच जिवावर येतो.

विमा म्हटला की आपला पहिला प्रश्न, "परत किती भेटतीन?" इथे आपल्याला परत काहीच भेटत नाही, जे भेटायचं ते समोरच्याला. कंपन्या याला दायित्व विमा म्हणतात. नाव ऐकूनच गिऱ्हाईक उठतं. त्यात 2023 पासून दोन वर्षं सरकारने एक रुपयात पीकविमा दिला. आता 714 रुपये म्हणजे खंडणीच वाटणार.

गांधीजींनीही एकदा विमा काढला होता. मुंबईत एका अमेरिकन एजंटच्या बोलण्यात येऊन, दहा हजारांचा. पुढे दक्षिण आफ्रिकेत तो त्यांनी सोडून दिला, ईश्वरावर भरवसा ठेवून. आत्मकथेत सगळं आहे. सेवाग्रामच्या शेजाऱ्यांनी बापूंचं हप्ता थकवणं तेवढं उचललं. बापूंनी सोडला तो स्वतःच्या जीवाचा विमा होता, हे सोयीस्कर विसरून.

तर समजा, विमा नाही आणि गाडीखाली माणूस गेला. विमा असता तर मृत्यूच्या भरपाईला वरची मर्यादा नव्हती, कंपनीने भरली असती. आता न्यायाधिकरण आकडा सांगणार आणि तो तुम्ही भरणार. नाही भरला तर मोटार वाहन कायद्याचं कलम 174 आहे. रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, तीही जिल्हाधिकाऱ्यांमार्फत.

714 रुपये वाचले. सातबाऱ्याचं बघा आता.

विमा असला म्हणजे सुटलो, असंही नाही. आपल्याकडे ट्रॅक्टर शेतीचा आणि ट्रॉली वरातीची. कापूस वेचायला बाया ट्रॉलीत, यात्रेला अख्खं गाव ट्रॉलीत. विम्याच्या कागदावर सीट एक, ड्रायव्हरची. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसाची भरपाई कंपनीच्या गळ्यात बांधता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 सालीच सांगितलं. फार तर कोर्ट कंपनीला म्हणतं, आधी तू दे, मग मालकाकडून घे. मालक तोवर वऱ्हाड्यांचे आहेर मोजत असतो.

आणि ते कुंपणात सोडलेल्या विजेचं? रानडुकरासाठी रात्री तार लावायची, सकाळी तिथे शेजारचा सालदार पडलेला. मग लोक विचारतात, "याचा काही विमा असते का जी?" नसतो. निष्काळजीपणाला विमा आहे, जाणूनबुजून केलेल्या गुन्ह्याला नाही. तिथे वकील लागतो.

दुकानदार मंडळी म्हणतील, आमचा काय संबंध? समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. छान. पुडीवर आता गावाचं नाव झळकतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाची जबाबदारी बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावरही येऊ शकते. म्हणजे हळदीत भलतंच काही निघालं, तर पुडीवरचं नाव नोटिशीवरही झळकेल. बचत गटाच्या ताईंना मानांकनाचं प्रशिक्षण मिळतं. नोटिशीचं कोण देणार?

आचाऱ्याचं तर विचारूच नका. पाचशे पानं उठवणारा माणूस गॅस, कढई, पोरं सगळं मोजून आणतो. पंगतीला उलट्या सुरू झाल्या की हाच माणूस मोजूनही सापडत नाही.

डॉक्टर शहाणे झालेत, पण त्यांना कोर्टाने शहाणं केलं. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्राहक कायद्यात ओढलं आणि सेवाग्राम-सावंगीच्या मेडिकल कॉलेजांच्या जिल्ह्यालाही इन्डेम्निटी, म्हणजे भरपाईचा विमा, हा शब्द पाठ झाला. यातली गोम अशी की ऑपरेशनच्या दिवशी पॉलिसी होती एवढ्याने सहसा भागत नाही, दावा येईल त्या दिवशीही ती चालू लागते. निवृत्त होऊन पॉलिसी बंद केली आणि तिसऱ्या महिन्यात जुना पेशंट नोटीस घेऊन आला, तर पेन्शन त्याची.

वकील मात्र ग्राहक कायद्याच्या बाहेर. 2024 मध्ये तसा निकाल लागला. युक्तिवाद कोणी केला, हे विचारायचं नसतं.

दायित्वाच्या पॉलिसीत एक अट हमखास असते. अपघातानंतर कंपनीला न विचारता चूक कबूल करायची नाही. ही एक अट आपण पॉलिसी नसतानाही पाळतो.

थट्टा पुलगावपाशी थांबते. 31 मे 2016 ला तिथल्या लष्करी दारूगोळा भांडारात आग लागली. 20 नोव्हेंबर 2018 ला जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला, त्यात ठेकेदाराचे मजूरही गेले. भोपाळच्या वायुगळतीनंतर, 1991 मध्ये, धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्यांना सार्वजनिक दायित्व विमा सक्तीचा झाला. कायदा झाला तेव्हा त्यात माणसाच्या मृत्यूची तातडीची मदत लिहिली होती, 25,000 रुपये. तीही कामगाराला नाही. त्याच्यासाठी 1923 चा वेगळा कायदा दाखवला गेला.

मजुराला तिसरा व्हायलाही जागा नाही.

याच 1991 च्या कायद्यात सरकारी मालकाला विम्यातून सूट देता येते, निधी बाजूला काढला की झालं. मोटार वाहन कायद्यातही तीच मेहेरबानी आहे. केंद्र किंवा राज्य सरकारच्या मालकीची गाडी धंद्यासाठी वापरत नसतील, तर तिला थर्ड पार्टी विम्याची सक्तीच नाही.

बजाज चौकात ज्या जीपला टेकून साहेब तुमची पॉलिसी तपासताहेत ना, तीसुद्धा त्यातच आली.